विश्लेषण : विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकार आणि चिमणीतल्या कार्बनचे मोल

साखर कारखान्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवला, तर त्यातून पैसा उभा राहू शकतो. तो कारखान्याचा, की ऊस पिकवणाऱ्याचा? पाऊणशे वर्षांपूर्वी साखरेबाबत असाच प्रश्न तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्या शेतकऱ्याविषयी...

विठ्ठलराव कोण होते?
लोणी बुद्रुकच्या शेतकरी कुटुंबात नारळी पौर्णिमेला त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक वर्गांपुरतेच. सावकारी कर्जात शेती बुडताना पाहून त्यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली.

कारखाना का काढला?
भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण गुळाचा भाव व्यापारी ठरवत आणि साखरेचा नफा खासगी कारखान्यांकडे जाई. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले. विठ्ठलरावांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झाले. गाडगीळ अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष. पुढे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कारखान्यामागोमाग परिसरात शिक्षण आणि आरोग्याच्या संस्था उभ्या राहिल्या. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

याचा कार्बनशी संबंध काय?
ऊस वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. एक टन उसातून सुमारे ३०० किलो ओले चिपाड, म्हणजे बगॅस निघते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळते आणि तोच वायू हवेत परततो. तो पकडून खोल खडकात कायमचा कोंडला, तर हवेतला कार्बन घटतो. मात्र खते, डिझेल आणि पंपांच्या विजेचे उत्सर्जन त्यातून वजा करावे लागते. आसवनीत काम सोपे आहे. एक किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच आणि बराचसा शुद्ध वायू निघतो. तो शीतपेयांसाठी विकला, तर पुन्हा हवेतच जातो.

साठवायचा कुठे?
अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मक्याच्या इथेनॉल प्रकल्पातील वायू वाळूच्या खडकात सोडला गेला आहे. आइसलँडमध्ये तो पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडला. दोन वर्षांत त्यातील बहुतांश वायूचा दगड झाला. आपल्या पायाखालीही बसाल्ट आहे, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षे जुना. त्यात किती वायू मावेल, भूजलाचे काय होईल, हे तपासावे लागेल. शिवाय त्या पद्धतीला टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. दुष्काळी तालुक्यांच्या जिल्ह्यात ही अट मोठी आहे.

मोल कुणाचे?
विठ्ठलरावांच्या पिढीने उसाचा मालक कारखान्याचाही मालक केला. २०१३ च्या राज्य कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला दिला. त्या हिशेबात चिपाड आहे, मळी आहे, प्रेसमड आहे. साठवलेल्या कार्बनचा रकाना नाही. पहिली पाइपलाइन टाकण्याआधी तो रकाना सभासदांनी वार्षिक सभेत मागायला हवा.