खिशात फक्त ४० डॉलर, तरी जेम्स बाल्डविन पॅरिसला का गेले?

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेले कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन नोव्हेंबर १९४८ मध्ये पॅरिसला पोहोचले. वय २४, खिशात जेमतेम ४० डॉलर आणि फ्रेंच येत नव्हती. मग अमेरिका का सोडली?

कारण होतं वर्णद्वेष. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जिवलग मित्राने पुलावरून उडी मारून जीव दिला होता. इथेच राहिलो तर आपलंही तेच होईल, अशी भीती त्यांना वाटत होती.

पॅरिसही स्वर्ग नव्हतं. १९४९ मध्ये चोरीच्या एका चादरीवरून त्यांना आठ दिवस तुरुंगात काढावे लागले. पण तिथे लिहिता येत होतं. १९५३ मध्ये पहिली कादंबरी आली.

१९५७ मध्ये नागरी हक्कांच्या लढ्यासाठी ते मायदेशी परतले. पुढे इस्तंबूल आणि दक्षिण फ्रान्समध्ये राहिले. १९८७ मध्ये फ्रान्समध्येच त्यांचं निधन झालं. शहरं बदलली, लिखाणाचा विषय मात्र अमेरिकाच राहिला.