पुण्यश्लोक अहिल्याबाई

मागे पुत्र नसला की घर बुडाले, असे आपल्यांत मानतात. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या या कन्येचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव. १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. घरचे कोण उरले?

काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले, सोमनाथास १७८३ मध्ये नवे देऊळ बांधले. पैसा दौलतीचा नव्हे, खासगीच्या उत्पन्नाचा. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. तरी आम्हांस देवळांहून त्यांच्या विहिरी व धर्मशाळाच थोर वाटतात. तहानलेल्यास कुळ विचारावे लागत नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. तेथील घाटावर माणसे आजही नर्मदास्नानास उतरतात.