लोकवाणीचे उपासक : डॉ. अ. मा. घाटगे

भगवान महावीरांनी आपला उपदेश विद्वानांच्या संस्कृतात न करता जनसामान्यांना समजणाऱ्या अर्धमागधीत केला. धर्माच्या प्रांगणात लोकवाणीला मिळालेला हा पहिला मोठा मान होय. तोच मान शास्त्राच्या प्रांगणात लोकवाणीला मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या विद्वानांत डॉ. अमृत माधव घाटगे (१९१३-२००३) यांचे नाव अग्रभागी आहे.

प्राकृत भाषांचा व्यासंग हा त्यांच्या विद्याजीवनाचा पाया होता. अर्धमागधी शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले प्रवेशग्रंथवजा व्याकरण कोल्हापूरहून प्रसिद्ध झाले आणि विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी त्याच्या आधारे आगमांच्या भाषेत पहिले पाऊल टाकले. अर्धमागधी, शौरसेनी, महाराष्ट्री या एकेकाळच्या जिवंत बोली होत्या, ही जाण त्यांना पुढे आजच्या बोलींकडे घेऊन गेली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी मराठी बोलींच्या पाहणीचे कार्य हाती घेतले. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली निघाला होता. परंतु त्या सर्वेक्षणातून मद्रास इलाखा तसेच हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने मुख्यतः वगळली गेली होती. त्यातील नमुनेही बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमविलेले होते. डॉ. घाटगे यांच्या पाहणीचा आधार मात्र बोलणाऱ्याच्या मुखातील प्रत्यक्ष भाषा हा होता. उच्चार टिपावेत, ध्वनी व रूपे यांची व्यवस्था लावावी, बोलीतील मजकूर अनुवादासह द्यावा आणि शब्दसंग्रह जोडावा, अशी या ग्रंथांची रचना आहे. महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे दक्षिण कानडाच्या कोंकणीवरील ग्रंथ १९६३ मध्ये, तर कुडाळीवरील १९६५ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर महाडची कुणबी, कोचीनची व काणकोणची कोंकणी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींची नोंद झाली. ज्या बोलींना शिष्टजन अशुद्ध म्हणून हिणवीत, त्यांनाही स्वतःचे रेखीव व्याकरण असते, हे या ग्रंथांनी सिद्ध केले.

डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभिलेल्या डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाची धुराही पुढे डॉ. घाटगे यांच्याकडे आली. सुमारे १५०० ग्रंथांतून टिपलेल्या शब्दपत्रिकांच्या आधारे या कोशाचा पहिला भाग त्यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये प्रकाशित झाला.

बहुतेकांच्या विश्रांतीच्या वयात त्यांनी सर्वांत मोठा संकल्प सोडला. श्री. नवलमलजी फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या सन्मति-तीर्थ संस्थेच्या अर्थसाहाय्याने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९८७ साली प्राकृत महाकोशाचे कार्य सुरू झाले, तेव्हा प्रमुख संपादक डॉ. घाटगे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अभिधान राजेंद्र कोश, शतावधानी रत्नचंद्रजी महाराजांचा अर्धमागधी कोश आणि पं. हरगोविंददास सेठ यांचा पाइअ-सद्द-महण्णवो हे थोर ग्रंथ त्यापूर्वी सिद्ध झाले होते. तथापि सर्व प्राकृत भाषांतील शब्द मूळ ग्रंथांतील संदर्भांसह, चिकित्सक पद्धतीने एकत्र आणणारा आणि जैन वाङ्मयाला विशेष स्थान देणारा कोश हवा होता. एक पिढी पुरणार नाही असे हे काम. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. मात्र त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीवर त्यांच्यामागून इतर विद्वानांनी ते पुढे नेले.

जालन्यातील अनेक जैन घरांत मारवाडी, पेठेत मराठी आणि स्थानकात प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे, असा तीन वाणींचा नित्य संगम असतो. पैकी घरची बोली नव्या पिढीच्या ओठांवरून ओसरत आहे आणि सूत्रे मुखोद्गत असूनही अनेकांना त्यांचा अर्थ अवगत नाही. दूर कोचीन-कासरगोडला गेलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेली वाणी डॉ. घाटगे यांनी शास्त्राच्या दप्तरी नोंदविली. परंतु घरात ती बोलणारे होते, म्हणूनच ती नोंदविता आली. आजी-आजोबांचे शब्द नातवंडांनी विचारून घ्यावेत, पाठशाळेत सूत्राबरोबर त्याचा अर्थही शिकविला जावा, हीच या ज्ञानतपस्व्याला खरी आदरांजली ठरेल.