रामकृष्ण दालमिया

रामकृष्ण दालमिया (जन्म : ७ एप्रिल १८९३, चिडावा, राजस्थान, मृत्यू : १९७८) हे भारतीय उद्योगपती होते. कलकत्त्यात चांदीच्या सट्ट्यात त्यांनी पहिले मोठे भांडवल मिळवले. पुढे बिहारमधील दालमियानगर येथे साखर, सिमेंट व कागदाचे कारखाने उभारले. १९४६ साली टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशित करणारी मुंबईची बेनेट, कोलमन आणि कंपनी त्यांनी विकत घेतली.

भारत इन्शुरन्स प्रकरण

दालमिया अध्यक्ष असलेल्या भारत इन्शुरन्स कंपनीचे सुमारे २ कोटी २० लाख रुपये १९५४-५५ मध्ये बाहेर वळवण्यात आले. सरकारी रोखे खरेदी केल्याचे दाखवून ही रक्कम त्यांच्याच समूहातील एका कंपनीचा शेअर सट्ट्यातील तोटा भरण्यासाठी वापरली गेली. पैसा अर्थातच विमेदारांचा होता. सप्टेंबर १९५५ मध्ये तपासणी अधिकाऱ्यापुढे दालमियांनी अपहाराची लेखी कबुली दिली व रक्कम भरून देण्याची तयारी दर्शवली. त्याच डिसेंबरात फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा विषय मांडला. पुढच्याच महिन्यात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

अपील

फौजदारीपात्र कट व न्यासभंग या गुन्ह्यांसाठी दालमियांना दोन वर्षांची कैद झाली. पंजाब उच्च न्यायालयानंतर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ब्रिटिश बॅरिस्टर डिंगल फूट यांनी त्यांची बाजू मांडली. बचावाचे मुद्दे केवळ तांत्रिक नव्हते. बँक खात्यातील रक्कम ही न्यासभंगाच्या कलमातील ‘मालमत्ता’ ठरते का आणि कंपनीचा अध्यक्ष हा तिचा ‘अभिकर्ता’ मानता येतो का, हे प्रश्न उद्योगजगतातील प्रत्येक संचालकाला लागू होते. न्यायालयाने दोन्हींचे उत्तर होकारार्थी दिले. कबुलीच्या वेळी दालमिया आरोपी नव्हते, म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचे घटनात्मक संरक्षणही तिला लागू झाले नाही. एप्रिल १९६२ मध्ये शिक्षा कायम झाली.

चौकशी आयोग

त्यांच्या कंपन्यांच्या चौकशीसाठी १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दालमियांनी आयोगाच्या वैधतेलाच आव्हान दिले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बहुतांशी फेटाळले. समानतेच्या हक्कावरील त्या निकालातील तत्त्वे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावी लागतात. आयोगाचे काम नंतर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पूर्ण केले.

बेनेट, कोलमन आणि कंपनी पुढे दालमियांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली.