जोतीराव फुले यांचें इंग्रजी वाचन

महात्मा जोतीराव फुले यांचें नांव ज्यास ठाऊक नाहीं, असा गृहस्थ आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. त्यांनीं मुलींची शाळा काढली, आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, सत्यशोधक समाज स्थापिला, इतकें बहुतेकांस माहीत असतें. परंतु फुलें व भाजीपाला विकणाऱ्या माळ्याच्या घरांत जन्मलेल्या या पुरुषाच्या हातीं हें सामर्थ्य आलें कोठून, याची चौकशी फारसे लोक करीत नाहींत. आमच्या मतें त्याचें एक मोठें कारण त्यांच्या शाळेंतल्या दिवसांत आहे. त्या दिवसांत त्यांनीं इंग्रजी वाचावयास शिकून घेतलें. तेवढ्यापुरतीच त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ मधला. त्यांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवचें, व त्यांचें मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यास येऊन या घराण्यानें पेशव्यांस फुलें पुरविण्याचा धंदा केला, त्यावरून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. जोतीराव एक वर्षाचेही झाले नव्हते तों त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई नांवाच्या नात्यांतील विधवा बाईनें त्यांस वाढविलें. ही बाई एका मिशनरी साहेबाच्या घरीं मुलें सांभाळण्याच्या कामावर होती, व तेथें इंग्रजी बोलणें तिच्या कानांवरून जात असे. विद्या ही कांहीं वस्तु आहे, हें जोतीरावांस प्रथम कळलें तें बहुधा या बाईकडून.

सातव्या वर्षीं, म्हणजे सन १८३४ च्या सुमारास, वडील गोविंदराव यांनीं मुलास मराठी शाळेंत घातलें. वाचणें, लिहिणें व हिशेब येऊं लागले. पण १८३८ मध्यें त्यांस शाळेंतून काढून घेण्यांत आलें. माळ्याच्या मुलास विद्या घेऊन काय करावयाचें आहे, ती त्यास शेताच्या कामास निरुपयोगी करील, असें गोविंदरावांच्या दुकानांतील कारकुनानें व इतर ओळखीच्या मंडळींनीं त्यांच्या मनांत भरविलें, असें चरित्रकार सांगतात. गोविंदराव कांहीं वाईट मनुष्य नव्हते. ज्यांच्याशीं रोजचा व्यवहार, त्यांचा शब्द मोडण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं, इतकेंच. असे बाप आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. मुलगा हाताशीं आला कीं त्याच्या पुस्तकाकडे पाहून त्यांस भीति वाटूं लागते.

मग मुलाच्या हातीं खुरपें आलें. तेराव्या वर्षीं, सन १८४० मध्यें, त्यांचें लग्न झालें. वधू नायगांवच्या खंडोजी नेवसे पाटलांची नऊ वर्षांची मुलगी सावित्री. अशा मुलाचें शिक्षण येथेंच संपावयाचें, हा त्या काळचा साधा नियम होता. परंतु दिवसभर मळ्यांत राबून रात्रीं दिव्यापाशीं कांहींतरी वाचीत बसण्याची संवय जोतीरावांनीं सोडली नाहीं. ती शेजारच्या दोन गृहस्थांच्या नजरेस आली. एक गफार बेग मुनशी, उर्दू व फारसी शिकविणारे. दुसरे लिजिट नांवाचे ख्रिस्ती साहेब. या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली कीं, हा मुलगा शाळेबाहेर ठेवण्याजोगा नव्हे. एक मुसलमान व एक ख्रिस्ती, दोघांनीं मिळून एका माळ्याच्या मुलाची रदबदली केली, आणि बापानें तें ऐकलें. दोघांपैकीं कोणाचाही त्यांत कांहीं लाभ नव्हता.

याप्रमाणें सन १८४१ मध्यें जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाले. वय चौदा, घरीं बायको, आणि पुढ्यांत ए, बी, सी. याची लाज वाटून शाळा सोडणारीं मुलें आपल्या गांवांतही असतात. आमचे जे कॅटेकिस्टबंधु रात्रीं प्रौढांस अक्षरें शिकवितात, त्यांस ही लाज केवढी मोठी अडचण असते हें सांगावयास नको. जोतीरावांनीं ती गिळली, व सन १८४७ पर्यंत, म्हणजे सहा वर्षें, त्या शाळेंत काढलीं.

त्या सहा वर्षांत इंग्रजी शिकणें म्हणजे काय होतें, याचा थोडा विचार केला पाहिजे. आज मुलाच्या घरीं इंग्रजी ऐकावयास मिळतें, दुकानाच्या पाटीवर तें दिसतें. त्या वेळीं शाळेचा उंबरा ओलांडला कीं इंग्रजी संपलें. घरीं मराठी, मळ्यांत मराठी, मंडईत मराठी. शब्द अडला तर शोधावयाचा कोठें? मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें छापला गेला होता खरा. पण इंग्रजी शब्दावरून मराठी अर्थ पाहावयाचा तर तो उलटा पडे. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व मेजर कँडी यांनीं पुरा केलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश मुंबईस प्रसिद्ध झाला सन १८४७ मध्यें. जोतीरावांचा शाळेंतला अभ्यास संपला तो याच वर्षीं! तेव्हां त्यांच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस बहुतेक शब्दांचा अर्थ मास्तरांच्या तोंडून, किंवा तेंच वाक्य पुनःपुन्हा वाचून मागच्या-पुढच्या संदर्भावरून, काढावा लागे. हा मार्ग हळू खरा, परंतु त्यानें आलेला शब्द सहसा जात नाहीं.

मिशन शाळांत बायबल हें रोजच्या वाचनाचें पुस्तक असे. नव्या कराराचें मराठी भाषांतर त्यापूर्वींच छापलेलें होतें. एकच गोष्ट दोन भाषांत समोर असली म्हणजे अडलेला विद्यार्थी स्वतःच आपला मास्तर होतो. जोतीरावांनीं असें केलेंच, असें म्हणण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. पण इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या तरुणांनीं ही युक्ति अवश्य करून पाहावी. एक शुभवर्तमान अशा रीतीनें पुरें झालें म्हणजे पुढचें पुस्तक निम्मेंच कठीण लागतें.

दुसरी गोष्ट मित्रांची. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण तरुण त्यांचे सोबती. जातीनें भिन्न अशा या मुलांनीं पुस्तकें मिळून वाचलीं व त्यांवर वाद केला. एकट्यानें वाचणारा मनुष्य अडला कीं पुस्तक मिटतो. दोघे असले तर दुसरा तें उघडतो. गोवंड्यांशीं जडलेली मैत्री जोतीरावांच्या पुढल्या कार्यांतही उपयोगीं पडली.

मराठींत वाचावयास त्या वेळीं होतें तरी किती? बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' १८३२ मध्यें निघालें, अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' अहमदनगरास १८४२ मध्यें सुरू झाला. पोथ्या होत्या, पण त्या ज्यांच्या घरीं होत्या त्यांच्या घरीं माळ्याच्या मुलास प्रवेश नव्हता. इंग्रजी पुस्तकास मात्र सोवळें नव्हतें. ज्यास वाचतां येईल त्यापुढें तें उघडें होई. आमच्या समजुतीनें जोतीरावांस इंग्रजीचें मोल वाटलें तें यामुळें. पुढें सरकारी चाकरी करून पोट भरावें, असा त्यांचा हेतु दिसत नाहीं. त्यांनीं ती केलीही नाहीं. त्यांनीं शेती केली, बांधकामाचे ठेके घेतले.

शिवाजी महाराज व अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन यांचीं चरित्रें त्यांनीं वाचलीं. मग सन १८४७ मध्यें टॉमस पेन या ग्रंथकाराचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या हातीं आलें. हा पेन इंग्लंडांतल्या थेटफर्ड गांवीं स्त्रियांच्या चोळ्या शिवणाऱ्या कारागिराच्या पोटीं जन्मला होता. शाळेंत फार शिकलाही नव्हता. सर्व मनुष्यें जन्मतः सारख्याच हक्कांचीं आहेत, व वाडवडिलांनीं घातलेलें बंधन पुढील पिढ्यांस सदासर्वकाळ बांधूं शकत नाहीं, असें त्यानें १७९१ व १७९२ सालीं दोन भागांत प्रतिपादिलें. येथें एक गंमत सांगितली पाहिजे. या पेननें आणखी एका पुस्तकांत बायबलावर व ख्रिस्ती मंडळीवर कडक टीका केली होती, म्हणून त्या काळच्या धार्मिक लोकांस त्याचें नांवही खपत नसे. मिशन शाळेंत वाचावयास शिकावें आणि त्या विद्येनें पेन वाचावा! पण वाचनाची किल्ली एकदां हातीं दिली म्हणजे शिष्य कोणतें दार उघडील हें गुरूच्या ताब्यांत राहत नाहीं. म्हणून किल्लीच देऊं नये असें म्हणणारे कांहीं जण आहेत. आम्ही त्यांतले नाहीं.

पुढील वर्षीं, १८४८ मध्यें, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत जोतीराव चालत असतां, माळ्यानें आमच्या बरोबरीनें कां चालावें, असें म्हणून त्यांचा अपमान करण्यांत आला. असा अपमान त्यांच्या आजापणजानेंही सोसला असेल. पण जोतीरावांनीं हें दैव म्हणून सोसलें नाहीं, कारण दैव नव्हे असें जें एक पुस्तक सांगत होतें, तें त्यांनीं नुकतेंच वाचलें होतें. अहमदनगरास मिस सिंथिया फॅरार यांची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि त्याच सालीं पुण्यास बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. शिक्षिका कोठून आणावयाची? त्यांनीं सावित्रीबाईंस घरींच शिकवून तयार केलें होतें. रात्रीं दिव्यापाशीं मिळविलेली विद्या प्रथम त्यांच्याच घरांत वांटली गेली. याबद्दल लोकांनीं सावित्रीबाईंवर चिखल व शेण फेंकलें, आणि १८४९ मध्यें गोविंदरावांनीं लोकांच्या दडपणाखालीं मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. ज्या बापानें एकदां शाळेंतून काढलें व एकदां शाळेंत परत घातलें, तोच हा बाप. सावित्रीबाईंनीं १८५४ मध्यें 'काव्यफुले' हा संग्रह छापला. त्यांत इंग्रजी शिका, असें सांगणारी कविता आहे.

सन १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबागवाड्यांत सरकारनें जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, त्या समारंभीं मेजर कँडी उपस्थित होते. ज्या कोशाची उणीव या विद्यार्थ्यास शाळेंत भासली असेल, तो पुरा करणारेच हे गृहस्थ.

पुढें जोतीराव ख्रिस्ती झाले काय, असें आमचे वाचक विचारतील. झाले नाहींत. मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेह राहिला, मिशनच्या शाळेंत त्यांनीं कांहीं काळ शिकविलेंही, आणि १८५५ मध्यें लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकांत एका पाद्रीसाहेबास भल्या सल्लागाराचें काम दिलें. त्या नाटकाच्या शेवटीं कुणबी व त्याची बायको बाप्तिस्म्यास जात नाहींत, रात्रीच्या शाळेंत जातात. त्याच साली जोतीरावांनीं कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा खरोखरच उघडली. त्यांचा मार्ग स्वतःचा होता, व त्यांस आपल्यांत ओढून मोजण्याचा मोह आपण आवरला पाहिजे.

इंग्रजी येत असतां त्यांनीं आपले ग्रंथ मराठींत लिहिले, तेही शेतकऱ्याच्या बोलीस जवळ असलेल्या मराठींत. 'गुलामगिरी' हें १८७३ चें पुस्तक जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादरूपानें मराठींत आहे. त्याची एक प्रस्तावना मात्र इंग्रजींत असून, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तें अर्पण केलें आहे. सातां समुद्रांपलीकडील काळ्या गुलामांची हकीकत पुण्याच्या माळ्यास कळली ती इंग्रजी अक्षरांच्या द्वारें, आणि त्यानें ती मराठी शेतकऱ्याच्या हकीकतीशेजारीं आणून ठेवली.

सन १८८२ च्या आक्टोबर महिन्यांत त्यांनीं हंटर शिक्षण कमिशनापुढें इंग्रजींत निवेदन दिलें. त्यांत मुख्य म्हणणें असें कीं, सरकारचा बहुतेक वसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतून घ्यावे, शिकलेल्या शिक्षकास १२ रुपयांहून कमी पगार नसावा, अशा मागण्या त्यांनीं केल्या. या मोठ्या मागण्यांच्या गर्दींत एक लहान मागणी आहे, ती वाचकांच्या ध्यानांतून सहज निसटते. मुंबई विश्वविद्यालयानें घरीं अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रवेशपरीक्षेस बसण्याची मोकळीक नुकतीच दिली होती. तीच मोकळीक बी. ए., एम. ए. इत्यादि वरच्या परीक्षांसही मिळावी, म्हणजे पुष्कळ तरुण घरच्या घरीं अभ्यास करतील, असें त्यांनीं लिहिलें. तेव्हां त्यांचें वय पंचावन्न वर्षांचें होतें. ज्यास तीन वर्षें शाळा बंद होती त्याची ती मागणी होती.

१८८८ च्या जुलईंत त्यांस पक्षघाताचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्याची संवय केली व 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते पुण्यास वारले. तें पुस्तक त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनीं पुढील वर्षीं छापून प्रसिद्ध केलें.