जपानच्या बर्फातील संत फ्रान्सिस झेवियर

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करते. जुन्या गोव्यातील बॉम जेजू बॅसिलिकेत त्यांचे पवित्र अवशेष असल्यामुळे हे संत आपणांस घरचेच वाटतात. परंतु त्यांच्या स्वभावाची खरी पारख झाली ती जपानच्या हिवाळ्यात.

नवार प्रांतातील एका उमराव घराण्यात १५०६ साली जन्मलेले फ्रान्सिस मे १५४२ मध्ये गोव्यास आले. सात वर्षांनी मलाक्का येथून एका चिनी गलबतातून ते जपानला निघाले. वाटेत समुद्र खवळला आणि कप्तानाची मुलगी पाण्यात पडून बुडाली. त्या वेळी आपल्या मनातही भीती दाटून आली होती, हे त्यांनी आपल्या पत्रात मोकळेपणाने कळविले आहे. भीती न लपविणारा हा संत मला म्हणूनच अधिक जवळचा वाटतो. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमा येथे उतरले.

सम्राटाची अनुमती मिळाली तर संपूर्ण देशात सुवार्ता सांगता येईल, ह्या आशेने डिसेंबर १५५० मध्ये त्यांनी यामागुचीहून राजधानी मियाकोची, म्हणजे आजच्या क्योतोची, वाट धरली. सोबत ब्रदर हुआन फर्नांडिस आणि बर्नार्डो हा जपानी ख्रिस्ती तरुण. काही वाट होडीने, उरलेली पायी. गुडघाभर बर्फ, गोठविणारे ओढे, सुजलेले पाय आणि गावोगावी मुलांचे दगड. शेवटच्या टप्प्यात एका सरदाराच्या पालखीमागून हे तिघे अक्षरशः धावत गेले. फादर इतके आनंदी कधीच दिसले नव्हते, असे सोबत्यांना वाटले.

मियाकोत मात्र पदरी निराशाच आली. युद्धांनी शहर उद्ध्वस्त झाले होते, सम्राट नामधारी होता, आणि नजराणा न आणणाऱ्या फाटक्या परदेशीयास त्याचे दर्शन घडेना. अकरा दिवसांनी ते परतले.

इथे फ्रान्सिस आपल्या गरिबीच्या वेषालाच चिकटून राहिले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. गोव्याच्या गव्हर्नरची व बिशपांची पत्रे आणि सम्राटासाठी आणलेल्या भेटवस्तू घेऊन, उंची वस्त्रे परिधान करून ते १५५१ मध्ये पुन्हा यामागुचीच्या अधिपतीपुढे उभे राहिले. त्याने प्रचाराची परवानगी दिली आणि राहावयास एक रिकामा मठही दिला. काही महिन्यांत सुमारे ५०० जणांनी स्नानसंस्कार स्वीकारला. थंडी सोसण्यापेक्षा आपली चूक ओळखून मार्ग बदलणे अधिक कठीण असावे.

पुढच्याच वर्षी ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर पोहोचले. मुख्य भूमीवर गुपचूप नेण्याचे कबूल केलेला चिनी व्यापारी आलाच नाही. बोचरे वारे, अपुरे अन्न आणि ताप. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला अंतोनियो हा चिनी तरुण त्यांच्या उशाशी होता. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे त्याने त्यांच्या हाती पेटती मेणबत्ती दिली आणि येशूचे नाव घेत फ्रान्सिस ह्यांनी प्राण सोडला. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते.