बर्थाबाईंची वायर

टीईच्या सबमिशनमध्ये ऑटोमोबाईलच्या जर्नलवर एक प्रश्न होता, मोटारगाडीच्या वायरिंगमधले दोष व ते काढण्याच्या पद्धती. होस्टेलमध्ये एकीचं जर्नल फिरलं आणि सगळ्यांनी उतरवलं. मीही. सरांनी सह्याही दिल्या. उत्तर मात्र मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं, कराडच्या अलीकडे, रात्री साडेनऊला, मागच्या सीटवर आजी आणि पुढे एकदम अंधार!

आमच्या गाडीचे हेडलाइट गेले होते, आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. बाबांनी गाडी बाजूला घेऊन बॅटरीची केबल काढली म्हणून वाचलो. हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमधले ऑटो इलेक्ट्रिशियन अण्णा आले. फ्यूज बॉक्स उघडला तर फ्यूजच्या जागी कुणीतरी आधीच तांब्याची जाड तार घालून ठेवलेली. फ्यूज सारखा उडतो ना, मग हा उपाय! म्हणजे जे जळायला हवं ते जळेना आणि जे जळू नये ते जळू लागलं.

अण्णांनी ती तार काढली, हेडलाइटचे कनेक्टर सोडवले आणि फ्यूजच्या जागी एका बल्बची दोन टोकं अडकवली. मग केबल जोडून लाइटचा स्विच चालू केला. समोर लोड काहीच नाही, तरी बल्ब लख्ख पेटला. म्हणजे करंट मध्येच कुठेतरी बॉडीला जातोय. मग ते हार्नेस वीतभर वीतभर हलवत गेले. इंजिनकडे वायर जाते त्या पत्र्याच्या भोकापाशी हात गेला आणि बल्ब फडफडला. भोकातलं रबरी ग्रोमेट गायब, पत्र्याच्या धारेनं वायर घासून तांबं उघडं पडलेलं. करपलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह, भोकात नवं ग्रोमेट, आणि शेवटी योग्य अँपिअरचा फ्यूज. मी शहाणपणा करून नुसती टेप गुंडाळू का विचारलं, तर म्हणाले की घरी पोचेपर्यंत चालेल, पण करपलेलं तांबं कडक झालेलं असतं, पुन्हा तुटणार.

आजीनं हे सगळं पाहिलं आणि एवढंच विचारलं की पहिली गाडी बंद पडली तेव्हा ती कुणी दुरुस्त केली असेल. मला माहीत नव्हतं. लायब्ररीत शोधलं. पहिलीच असं कोण सांगणार, पण लांबच्या रस्त्यावर वायर दुरुस्त केल्याची जी सर्वात जुनी प्रसिद्ध हकिगत आहे, ती एका बाईची निघाली.

बर्था रिंगर. जन्म ३ मे १८४९, जर्मनीतलं फोर्झहाइम गाव, वडील श्रीमंत बांधकाम मिस्त्री. लहान असताना तिला घरच्या बायबलमध्ये स्वतःच्या जन्माची नोंद सापडली म्हणे, आणि त्यात वडिलांनी पुन्हा मुलगीच झाली अशी खंत लिहून ठेवली होती. ही गोष्ट मी आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये सांगितली तर कुणालाच नवल वाटलं नाही. जर्मनीची आहे हे ऐकून मात्र वाटलं.

कार्ल बेंझ नावाचा इंजिनिअर तिला आवडला. त्याच्याकडे कल्पना भरपूर, पैसा शून्य, आणि मानहाइमच्या वर्कशॉपमधला भागीदार भरवशाचा नव्हता. बर्थानं लग्नाआधीच, १८७१ मध्ये, आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि त्या भागीदाराला बाहेर काढायला दिली. २० जुलै १८७२ ला लग्न झालं, आणि तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावे असा व्यवहार करता येत नव्हता. पैसा तिचा, नाव त्याचं. हुंड्याचा असा उपयोग मी प्रथमच वाचला. (हुंडा वाईटच, पण हा निदान लेथ मशीनवर तरी खर्च झाला!)

पुढची वर्षं तंगीची. १८७९ च्या शेवटच्या रात्री दोघांनी वर्कशॉपमध्ये जाऊन टू-स्ट्रोक इंजिन एकदाचं चालवलं. मग तीन चाकांची गाडी, आणि २९ जानेवारी १८८६ चं पेटंट, नंबर ३७४३५. इंजिन ९५४ सीसीचं आणि पॉवर एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. आपल्या होस्टेलबाहेरच्या बाइका पाहून हसू येतं, पण तेव्हा घोड्याशिवाय काही चालतं हेच नवल होतं.

या गाडीत कार्लला सर्वात जास्त छळलं ते इग्निशननं. बॅटरीचा कमी व्होल्टेजचा करंट इंडक्शन कॉइलच्या प्रायमरीतून जायचा, एक कंप पावणारा संपर्क तो सारखा तोडायचा-जोडायचा आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होऊन स्पार्क पडायचा. आता विचार करा, आजच्यासारखी पीव्हीसीची वायर तेव्हा नव्हतीच. धाग्याचं वेष्टन, फार तर रबर. हाय व्होल्टेज असल्यावर इन्सुलेशन जरा घासलं की स्पार्क सिलिंडरमध्ये पडण्याऐवजी लोखंडी सांगाड्यालाच पडणार.

गाडी तयार होती पण गिऱ्हाईक येत नव्हतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या खेळण्यासाठी कोण पैसे देणार? कार्लचा स्वभाव अजून थोडं सुधारू या, अजून थोडं, असा. (आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा एक आहे.) ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्थानं पंधरा वर्षांचा ऑयगन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना उठवलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि माहेरची वाट धरली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून जास्त. ती तेव्हा ३९ वर्षांची होती.

पेट्रोल पंप नाहीत. इंधन म्हणजे लिग्रोइन, औषधाच्या दुकानात मिळणारं. ते तिनं वीसलोखच्या दुकानातून घेतलं. कूलिंगचं पाणी वाफ होऊन उडायचं, ते वाटेत पुन्हा पुन्हा भरायचं. चेन ताणली गेली ती ब्रुखझालच्या लोहाराकडे, आणि लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरं ढकलायची.

आणि मध्येच इंजिन बंद! मेकॅनिक बोलवावा तर जगात त्या गाडीचा मेकॅनिक एकच, आणि तो घरी. गाडी बंद पडली तर मुळात दोनच प्रश्न असतात, इंधन पोचतंय का आणि स्पार्क पडतोय का. एकदा इंधनाची नळी तुंबलेली निघाली, ती तिनं टोपीच्या लांब पिनेनं मोकळी केली. दुसऱ्यांदा इग्निशन गेलं होतं, वायरचं इन्सुलेशन खराब झालेलं. तिनं पायातला मोजा घसरू नये म्हणून बांधायचा पट्टा काढला आणि त्यावर लावला. आमचा वर्ग या ठिकाणी हसतो. पण कोरडं कापड घट्ट गुंडाळलं की ते इन्सुलेटरच. तारेचं तांबं शाबूत असेल आणि फक्त वेष्टन गेलं असेल तर उपाय बरोबर आहे. दोष कुठे आहे हे तिनं आधी ओळखलं, मग हाताशी असलेलं साहित्य वापरलं. आमच्याकडे मल्टिमीटर असूनही आम्ही फ्यूजमध्ये तार घालतो.

संध्याकाळी माहेरी पोचून तिनं कार्लला तार केली, म्हणजे टेलिग्राम, आणि काही दिवसांनी गाडी चालवतच परत आली. चढावर गाडी दमते हे तिनं सांगितल्यावर कार्लनं जास्तीचा गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं.

कार्ल १९२९ मध्ये गेला. त्याला कार्ल्सरूहच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं १९१४ मध्येच मानद डॉक्टरेट दिली होती. बर्थाला त्याच संस्थेनं मानद सेनेटर केलं ते १९४४ मध्ये, तिच्या ९५ व्या वाढदिवशी. दोन दिवसांनी, ५ मे ला, ती लाडेनबुर्गच्या घरी वारली.

आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, तो पट्टा परत पायात घातला की तसाच ठेवला. कुठल्याच पुस्तकात हे नाही, आजी. व्हायवाला मात्र एक्स्टर्नलनी मला वायरिंगचाच प्रश्न विचारला आणि मी बल्बनं शॉर्ट शोधायची पद्धत सांगितली. पुस्तकात कुठे आहे म्हणाले. मी कराड सांगितलं.